विद्येचें घर आणि शेजाऱ्याचें अंगण

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं कोलंबिया नांवाचें जें विद्यापीठ आहे, त्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाहीं. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यामंदिरीं दाखल झाले तें हेंच. १९१६ पर्यंत ते तेथें होते. ज्या देशांत त्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारे लोक होते, त्या देशांतून गेलेल्या तरुणास तेथें ड्युईसारखे गुरु मिळाले आणि ग्रंथालयाचें दार कोणीं अडविलें नाहीं. १९५२ सालीं त्याच विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली, व पुढें तेथील ग्रंथालयांत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. आमच्या शाळेंतील मुलांस आम्ही ही हकीकत दरवर्षीं सांगतों, आणि सांगतांना आमचा ऊर भरून येतो, हें आरंभींच नमूद करतों. कारण पुढें आम्ही जें लिहिणार आहों तें वाचून कोणी म्हणेल कीं, मास्तर, ज्या घरीं आपला माणूस शिकला त्याच घरच्या उखाळ्यापाखाळ्या काढावयास तुम्हांस कांहींच कसें वाटत नाहीं? आमचें उत्तर असें कीं, उपकार त्या विद्यापीठाच्या गुरूंचे व ग्रंथालयाचे आहेत, त्याच्या जमीनखात्याचे नाहींत.

मुलांस भूगोल शिकवावा त्याप्रमाणें आधीं ठिकाण सांगतों. हें विद्यापीठ १७५४ सालीं स्थापन झालें आणि १८९७ सालीं मॉर्निंगसाइड हाइट्स नांवाच्या टेकडीवर राहावयास आलें. टेकडीच्या पूर्वेस उतरता कडा आहे. त्या कड्यावर शहराची सार्वजनिक बाग आहे, आणि बागेच्या पायथ्यापासून हार्लेम सुरू होतें. उत्तरेस १२५ वा रस्ता ओलांडला कीं हडसन नदीच्या बाजूस मॅनहॅटनव्हिल म्हणून वस्ती लागते. तीही पश्चिम हार्लेमचाच भाग. म्हणजे विद्यापीठ टेकडीवर व गरीब शेजारी दोन्हीं बाजूंस सखल जागेंत, अशी ही मांडणी.

आणि हार्लेम म्हणजे काय? विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं जें ठिकाण आपलें म्हणून वसविलें आणि आपल्या गाण्यांनीं, लिखाणांनीं, चळवळींनीं गाजविलें तें हार्लेम. त्यांपैकीं पुष्कळांचे आजेपणजे दक्षिणेंतील मळ्यांवर जनावरांसारखे विकले जात होते. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सदय लोकांस अर्पण केलें, त्यांनीं तेंच दास्य मोडण्यासाठीं झुंज घेतली होती. १९४६ सालीं बाबासाहेबांनीं कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी डॉ. डुबॉइस यांस पत्र घालून, त्या लोकांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. तेव्हां हार्लेमच्या रहिवाशांचें गाऱ्हाणें आमच्या पत्रांत कां, असें कोणीं विचारूं नये. तें घर आमच्या ओळखीचें आहे आणि त्याचा शेजारीही ओळखीचा आहे.

या दोन शेजाऱ्यांचें भांडण जुनें आहे. १९६१ सालीं शहरानें त्या सार्वजनिक बागेंतील सुमारें दोन एकर जागा विद्यापीठास व्यायामशाळा बांधण्याकरितां वर्षाला तीन हजार डॉलर भाड्यानें दिली. बाग लोकांची, भाडें नांवापुरतें, आणि इमारत विद्यापीठाची. तिचा एक लहान भाग हार्लेमच्या लोकांकरितां ठेवावयाचा होता. इमारत कड्यावर, म्हणून विद्यापीठाच्या मुलांचें दार वर टेकडीच्या अंगास आणि हार्लेमच्या मुलांचें दार खालीं पायथ्याशीं. इंजिनियर म्हणेल कीं जमिनीचा उतारच तसा आहे, त्यास आम्ही काय करणार? असेल. परंतु आम्हां खेडवळांस उतार चांगला समजतो. नदीवरचा वरचा पाणवठा कोणाचा व खालचा कोणाचा, हें आमच्या गांवोगांवीं पाण्यानें ठरविलेलें नव्हतें. ज्या विद्यापीठांत शिकून आलेल्या माणसानें १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर हजारो लोक नेले, त्याच विद्यापीठाच्या कारभाऱ्यांस चाळीस वर्षांनंतर वरचें दार आणि खालचें दार यांतला अर्थ कळूं नये, हें नवल नव्हे तर काय?

त्यांस कळला नाहीं, पण त्यांच्या विद्यार्थ्यांस कळला. फेब्रुवारी १९६८ मध्यें खोदाई सुरू झाली. २३ एप्रिल रोजीं मुलांनीं विरोध पुकारला आणि एकामागून एक अशा पांच इमारतींचा ताबा घेतला. व्हिएतनामच्या युद्धाशीं विद्यापीठाचा जो संबंध होता तोही त्यांच्या रागाचें एक कारण होता. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आंत शिरले व सातशेंच्या आसपास लोकांस पकडून घेऊन गेले. व्यायामशाळा मात्र तेथें कधींच झाली नाहीं. खोदून ठेवलेल्या खड्ड्याचें पुढें तळें करण्यांत आलें. हें झालें गाजलेलें प्रकरण. न गाजलेलें प्रकरण असें कीं, त्याच काळांत टेकडीवरील शंभरावर इमारती विद्यापीठानें विकत घेतल्या होत्या, आणि एकेका खोलींत राहणारे गरीब भाडेकरू तेथून निघून गेले होते. निघून गेले कीं घालविले, तें जमीनखात्याच्या कारकुनास विचारूं नये, भाडेकरूंस विचारावें.

आतां ज्या प्रकरणासाठीं लेखणी उचलली त्याकडे वळतों. २००३ सालीं विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनीं मॅनहॅटनव्हिलमध्यें सुमारें १७ एकरांवर नवें आवार उठविण्याचा बेत जाहीर केला. १२५ व्या रस्त्यापासून १३३ व्या रस्त्यापर्यंत आणि ब्रॉडवेपासून नदीकडील बाराव्या ॲव्हेन्यूपर्यंतचा हा पट्टा. आमच्याकडे सतरा एकर म्हणजे एका बऱ्या कुणब्याची जिराइत शेती. त्या शहरांत सतरा एकर म्हणजे एक गांव! त्या गांवांत मोटारी दुरुस्त करण्याचे कारखाने होते, माल ठेवण्याच्या वखारी होत्या, पेट्रोलचे पंप होते, मांसाच्या घाऊक व्यापाऱ्यांचीं दुकानें होतीं आणि थोडी राहती घरेंही होतीं. लगतच सरकारनें बांधलेल्या गरिबांच्या दोन मोठ्या वसाहती आहेत. उंच इमारत नाहीं, बगीचा नाहीं, कांचेचा दरवाजा नाहीं. नकाशावर बोट ठेवणाऱ्या साहेबास अशी जागा रिकामी दिसते. तलाठ्याच्या उताऱ्यांत आमच्या गायरानासही 'पड'च म्हणतात.

रहिवाशांचें म्हणणें काय होतें तें नीट ऐकण्यासारखें आहे, कारण विरोध करणाऱ्यांस विद्येचे शत्रु म्हणण्याची रीत तेथेंही आहे. 'विद्यापीठ नको' असें मॅनहॅटनव्हिलच्या लोकांचें म्हणणें नव्हतें. त्यांच्या वॉर्डाचें एक मंडळ आहे, त्यास कम्युनिटी बोर्ड क्रमांक ९ म्हणतात. या मंडळानें कित्येक वर्षें बैठका घेऊन आपल्या वस्तीचा एक आराखडा स्वतः तयार केला होता. त्यांत विद्यापीठालाही जागा होती. फक्त कोणाची जागा सक्तीनें घेऊं नये, हातानें काम करणाऱ्यांचे कारखाने टिकावे आणि जीं नवीं घरें होतील तीं तेथल्या लोकांच्या खिशाला परवडावीं, एवढें त्यांचें मागणें. खेरीज त्यांची भीति दुहेरी होती. एक तर जमिनीखालीं सलग खोल तळघर खणून वर प्रयोगशाळा उभ्या करावयाच्या होत्या. नदीकांठची सखल जागा, पाणी चढलें तर काय, आणि धोक्याच्या जंतूंवर काम होणार असेल तर शेजाऱ्यांनीं काय करावें? दुसरी भीति भाड्याची. विद्यापीठाचे प्रोफेसर, डॉक्टर, विद्यार्थी शेजारीं राहूं लागले कीं वाण्याचें दुकान जाऊन तेथें महागडी कॉफी येते, आणि घरमालक भाडेकरूकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतो. घरावर नांगर न फिरवतांही माणूस घरांतून निघतो तो असा. ही भीति नुसती कल्पनेंतली नव्हती. योजनेसाठीं तयार झालेल्या परिणामांच्या अहवालांतच, भाडेवाढीमुळें तीन हजारांहून अधिक रहिवाशांवर वस्ती सोडण्याची पाळी येण्याचा संभव नोंदलेला होता.

ऑगस्ट २००७ मध्यें वॉर्डमंडळानें मत घेतलें. विद्यापीठाच्या योजनेविरुद्ध ३२ आणि बाजूनें २. आमच्या ग्रामसभेंत एवढा निकाल लागला तर सरपंच दुसऱ्या दिवशीं तोंड दाखविणार नाहीं. परंतु त्या मंडळाचें मत सल्ल्यापुरतें. नोव्हेंबरांत विद्यापीठाच्याच कांहीं विद्यार्थ्यांनीं अन्नत्याग केला. त्यांच्या मागण्यांत शेजाऱ्यांचा प्रश्नही होता. तरी १९ डिसेंबर २००७ रोजीं नगरसभेनें ३५ विरुद्ध ५ मतांनीं विद्यापीठाची योजना मंजूर केली. गंमत अशी कीं, लोकांचा आराखडाही त्याच दिवशीं, त्याच सभेंत, काटछाट करून मंजूर केला! जेथें दोघांचें जमत नाहीं तेथें चालणार विद्यापीठाचें. लोकांच्या हातीं मंजुरीचा कागद आला आणि जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली. कोणास पाटावर बसवावें आणि वाढावें मात्र दुसऱ्याच्या पानांत, त्यांतला हा प्रकार.

तोंवर विद्यापीठानें बहुतेक जागा खरेदी केल्याच होत्या. शेवटीं विकावयास नकार देणारे उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: वखारींचा एक मालक आणि पेट्रोलपंप चालविणारें एक शीख दांपत्य. आपल्याच पंजाबच्या वळणाचीं हीं माणसें सातासमुद्रांपलीकडे विद्यापीठाच्या आड उभीं राहिलीं, आणि पुढचा खटला 'कौर' याच नांवानें कायद्याच्या पुस्तकांत गेला. राज्य सरकारच्या विकासमंडळानें २००८ सालीं ठरविलें कीं, ही वस्ती मोडकळीस आलेली व अनारोग्यकारक आहे, सबब सक्तीनें जागा घेतां येईल. आमच्याकडील 'गलिच्छ वस्ती' या सरकारी शब्दाचा हा थोरला भाऊ.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें, कारण सगळ्या प्रकरणाची नस येथें आहे. वस्ती मोडकळीस आली हें ठरविलें कोणीं? जी सल्लागार कंपनी विद्यापीठाचें काम करीत होती, तीच पहिल्यानें विकासमंडळानें या पाहणीस नेमली होती. त्यावर कोर्टानें ताशेरे ओढले तेव्हां दुसरी कंपनी आणली, आणि तिनेंही तोच निष्कर्ष काढला. बरें, मोडकळीस आली ती केव्हां? पाहणी झाली तेव्हां त्या पट्ट्यांतील बहुतेक मिळकती विद्यापीठाच्याच ताब्यांत होत्या. जुने भाडेकरू गेले होते, कारखान्यांचे दरवाजे बंद होते, गळक्या छपरांस कोणी हात लावीत नव्हतें. मालकानें घर गळूं द्यावें आणि मग सरकारानें येऊन म्हणावें, पहा, आळी किती गळते. सबब उरलेल्या दोन घरांसही याच मालकाच्या स्वाधीन करा. डिसेंबर २००९ मध्यें अपील विभागाच्या कोर्टांत तीन न्यायाधीशांस हें पटलें नाहीं, दोघांस पटलें. तिघांच्या निकालानें सक्ती रद्द झाली. खाजगी विद्यापीठाचा विस्तार म्हणजे सार्वजनिक काम नव्हे, हेंही मुख्य निकालपत्रांत म्हटलें होतें. पण जून २०१० मध्यें राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टानें तो निकाल फिरविला. वस्तीच्या स्थितीचा निर्णय करणें विकासमंडळाचें काम, त्यास कांहीं आधार असला म्हणजे कोर्टानें हात घालूं नये; आणि शिक्षण हा सार्वजनिक हेतु होय, मग शिकविणारी संस्था खाजगी कां असेना. डिसेंबर २०१० मध्यें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें प्रकरण ऐकण्याचेंच नाकारलें. पंप गेला, वखार गेली.

विद्यापीठाची बाजू आम्ही झांकून ठेवणार नाहीं. त्यास जागेची टंचाई होती हें खरें. जुन्या आवारांत नव्या प्रयोगशाळा बसत नव्हत्या. राहत्या घरांवर सक्तीचा कायदा वापरणार नाहीं असें वचन त्यानें दिलें होतें. नव्या आवारास भिंत व फाटक ठेवलें नाहीं. रस्ते सर्वांस मोकळे आहेत. २००९ सालीं त्यानें स्थानिक विकाससंस्थेशीं करार करून १५ कोटी डॉलरांचे लाभ कबूल केले: लोकोपयोगी निधि, शाळेस मदत, घरांसाठीं रक्कम, भाडेकरूंस वकिलाचा खर्च. २०११ सालीं शिक्षक-महाविद्यालयाच्या मदतीनें मुलांची एक सार्वजनिक शाळाही निघाली. मेंदूच्या अभ्यासाचें मोठें केंद्र तेथें उभें राहिलें, आणि २०२२ सालीं व्यापारशिक्षणाच्या दोन इमारतीही उघडल्या. मेंदूच्या रोगांवर औषध निघालें तर तें हार्लेमच्या म्हातारीलाही लागेल. हें सर्व आम्ही मान्य करतों.

परंतु हिशेब दोन्हीं बाजूंनीं मांडावा. १५ कोटींपैकीं घरांसाठीं ठेवलेली रक्कम २ कोटी, आणि भाडेकरूंच्या वकिलासाठीं ४० लाख. लोकांच्या नांवानें करार करणारी जी संस्था, तिच्याच कारभाराची २०११ सालीं राज्याच्या ॲटर्नी जनरलनें चौकशी सुरू केली, आणि पुढें तिच्या जागीं दुसरी संस्था आली. दुसऱ्या बाजूस 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रानें २०२३ सालीं मांडलेला हिशेब पाहा. पत्त्यांच्या संख्येनें मोजलें तर कोलंबिया हा त्या शहरांतील सर्वांत मोठा खाजगी जमीनमालक, आणि त्यास मालमत्ता-करांत मिळणारी सूट दरसाल १८ कोटी डॉलरांहून अधिक! म्हणजे अनेक वर्षांत मिळून द्यावयाच्या दानापेक्षां एका वर्षाची सूट मोठी. पेट्रोलपंपवाला कर भरीत होता. तो गेला आणि त्याच्या जागीं न भरणारा आला. त्या करांतून ज्या सरकारी शाळा चालतात त्यांत कोणाचीं मुलें बसतात, हें सांगावयास नकोच. आम्ही हातांत खडू घेऊन पोट भरणारे. शाळेच्या पैशाची वाट कोठून कशी येते याकडे आमचें लक्ष जरा जास्त जातें, त्याचा वाचकांनीं राग मानूं नये.

आमचा आक्षेप विस्तारास नाहीं. विद्येचें घर वाढलें पाहिजे, त्यास जागा लागणारच. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तीही हवेंत उभी राहिली नाहीं. पण तेथें मागणारा लोकांच्या दारीं जाऊन उभा राहत असे, आणि वसतिगृहांतील मुलें स्वतःच्या हातांनीं श्रम करीत. देणाऱ्यास 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक होती, म्हणून 'घ्या' या शब्दास किंमत होती. मॅनहॅटनव्हिलमध्यें बत्तीस लोकांच्या 'नाहीं'ची किंमत शून्य धरली गेली, हा आमचा आक्षेप. आणि असा शून्य एका ठिकाणीं मांडला कीं तो दुसरीकडेही मांडतां येतो.

दूर जावयास नको. आमच्याच तालुक्यांतील एका गांवची गोष्ट. गांवाचें व संस्थेचें नांव घेत नाहीं, कारण प्रकरण अद्याप मिटलेलें नाहीं. एका खाजगी संस्थेस इंजिनियरिंगच्या कॉलेजासाठीं गांवचें गायरान हवें आहे. ग्रामसभेंत संस्थेचे गृहस्थ मोठ्या मोटारींतून आले, भाषण झालें, तुमचीं मुलें साहेब होतील असें सांगितलें. टाळ्या वाजल्या. तेव्हां मागें घोंगडें पांघरून बसलेला एक म्हातारा धनगर उठला आणि म्हणाला, "सायेब, साळा पायजेच. पर माझी मेंढरं कुठं चरायची ते आदी सांगा." सभेंत हशा झाला. एक पुढारी म्हणाले, "आबा, विद्येच्या कामांत आडवं येऊं नका." म्हातारा म्हणाला, "आडवा न्हाई येत, दादा. माझ्या नातवाला तिथं फी किती पडंल, ते बी सांगा." यावर मात्र कोणी हंसलें नाहीं, आणि कोणीं उत्तरही दिलें नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें आमच्या शेतकरी बंधूंनीं समजून घ्यावें. १८९४ चा इंग्रजी अमदानीचा भूमिसंपादनाचा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा केंद्रीय कायदा लागू झाला. सार्वजनिक हेतूसाठीं जमीन सक्तीनें घेण्याचीं जीं कारणें त्यांत दिलीं आहेत, त्यांतील पायाभूत कामांच्या यादींतून खाजगी दवाखाने, खाजगी शिक्षणसंस्था आणि खाजगी हॉटेलें स्पष्ट शब्दांत वगळलीं आहेत. सरकारी व सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्था मात्र यादींत आहेत. म्हणजे न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टानें जो फरक मानला नाहीं, तो आमच्या कायद्यानें लिहून ठेवला आहे: शिक्षण हा शब्द उच्चारला म्हणून खाजगी संस्था सार्वजनिक होत नाहीं. ही आमच्या कायद्याची थोरवीच म्हणावयाची. पण हे चार शब्द किती नाजूक आहेत पाहा. ३१ डिसेंबर २०१४ रोजीं वटहुकूम निघाला, त्यांत खाजगी दवाखाने व खाजगी शिक्षणसंस्था यांच्यावरील ही बंदी काढून टाकली होती. देशभर शेतकऱ्यांनीं ओरड केली, विधेयक राज्यसभेपुढें अडलें, आणि ऑगस्ट २०१५ अखेर शेवटचा वटहुकूम आपोआप संपला. त्या आठ महिन्यांत वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती बहुतेक कारखान्यांची आणि रस्त्यांची. कॉलेजांविषयींचे हे शब्द कायद्यांतून निघाले होते व परत आले, हें आमच्या तालुक्यांतील शंभरांत एकासही ठाऊक नसेल. पुन्हां कोणी ते काढावयास निघाला तर त्या मतदारसंघाच्या आमदार-खासदारांस आधीं पत्रें गेलीं पाहिजेत, वटहुकूम निघाल्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गायरानास या कायद्याचें संरक्षण नाहीं. तें सरकारच्या नांवावर असतें, त्याचें संपादन होत नाहीं, तें दिलें जातें. ज्याच्या नांवावर सातबारा आहे त्यास निदान नोटीस येते व मोबदला मिळतो. मेंढपाळास, गुराख्यास, भूमिहीनास कांहींच येत नाहीं. मॅनहॅटनव्हिलमध्येंही मालकांस पैसे मिळाले, आणि भाड्यानें राहणाऱ्यांस शेवटीं करारांतील वकिलाच्या खर्चाची आशा. म्हणून गायरानाच्या बाबतींत ग्रामसभेचा ठराव हें गांवच्या हातीं असलेलें मोठें साधन आहे, आणि तो सहीचा अंगठा उठण्यापूर्वींच जपला पाहिजे. आमच्या तालुक्यांतील त्या गांवची पुढील सभा लौकरच भरेल. ठरावाच्या मसुद्यांत 'शिक्षणासाठीं' असा एकच शब्द घातलेला आहे. तेथें जमलेल्यांनीं त्या म्हाताऱ्याचे दोन्ही प्रश्न, मेंढरांचें रान कोठें आणि नातवाची फी किती, ठरावांतच शब्दशः लिहून घ्यावे, संस्थेकडून लेखी उत्तर मागावें, आणि तें येईपर्यंत मोजणीचे खुंटे गायरानांत रोवूं देऊं नयेत.